चूलबंद आवतण आणि दोन वेळचे जेवण

वर्धा नदीकाठच्या आमच्या गावात 'डाएट' हा शब्द रुळला त्याला आता काही वर्षे झाली. त्यापूर्वी 'पथ्य' होते. पथ्य डॉक्टरने किंवा वैद्याने सांगितलेले असे, दुखणे सरले की तेही सुटत असे, आणि पथ्यावरच्या माणसाला पंगतीत कोणी आग्रह करीत नसे. डाएटचे तसे नाही. ते माणूस आपल्या मनाने धरतो, त्याला सुटण्याची तारीख नसते, आणि शेजारच्याला ते दिसत नाही. त्याला एवढेच दिसते की आपण वाढलेले याने खाल्ले नाही. शहरात या फरकाने फारसे बिघडत नाही. गावात बिघडते, आणि का बिघडते याचा विचार आहारावर बोलणाऱ्यांनी केला पाहिजे, असे मला वाटते.

आहारनियमनाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. विदर्भाला तर हा विषय परका नाहीच. काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार आपल्या व्याख्यानांतून मांडला होता. २००४ साली त्यांचे अपघाती निधन झाले, आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तोच विचार महाराष्ट्रभर नेला : कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोन वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण उरकावे. रक्तातली साखर सीमारेषेवर आल्याचे कळले तेव्हापासून मी स्वतः याच पद्धतीने जेवतो आहे, आणि मला तिचा उपयोग झाला आहे. तरीही माझे म्हणणे असे की खेड्यात राहणाऱ्या माणसाने आहाराचा कोणताही नियम धरताना पंगतीची जागा त्यात आधीच राखून ठेवावी. ती पुढे मोडून घ्यायची सवलत म्हणून ठेवू नये. सोमवारच्या उपासाला जसे सोडण्याची वेळ ठरलेली असते, तशी ती नियमातच बसवावी.

प्रश्न किरकोळ नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले, आणि त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी निघाले. हे दोन आकडे दोन वेगवेगळ्या देशांचे वाटतात, पण आमच्याकडे ते एकाच गल्लीत, कधी एकाच वाड्याच्या दोन दारांत भेटतात. 'गावचे लोक कष्ट करतात, त्यांना काय होते' हे वाक्यही आता जुने झाले. पेरणी ट्रॅक्टरने होते, निंदण तणनाशकाच्या पंपाने होते, शेतात जायला मोटारसायकल आहे. सोयाबीन आले तसा ज्वारीचा पेरा आटत गेला आणि ताटातली भाकरी जाऊन तिथे रेशनचा गहू आणि तांदूळ आला. शरीराचे कष्ट घटले, आणि खाण्यातला जो भाग पोटात सावकाश उतरत असे तोच नेमका कमी झाला.

परंतु वजन वाढले की आरोपीच्या पिंजऱ्यात पहिल्यांदा उभी राहते ती पंगत. 'लग्नसराईत वजन वाढले', 'महालक्ष्म्यांच्या जेवणाने साखर वाढली' असे आपण सहज बोलतो. या आरोपाचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. आमच्याकडचा चहा गोड असतो. कपाला दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर धरली तरी तो अंदाज कमीच ठरावा. सकाळी घरी, मग पारावर, दुपारी कृषी केंद्रात, संध्याकाळी कोणाच्या ओट्यावर, आणि पाहुणा आला तर त्याच्यासोबत, असे पाच कप मोजले तर दिवसाला पन्नास ग्रॅम साखर होते. दोन हजार कॅलरीचा आहार असलेल्या माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शनात वरून घातलेल्या साखरेची जी कमाल मर्यादा दिली आहे ती एवढीच भरते, आणि शक्य असल्यास तिच्या निम्म्यावर राहावे असे संघटनेचे म्हणणे आहे. म्हणजे आपण ती मर्यादा जेवणाला हात लावण्याआधी नुसत्या चहातच संपवतो. महिन्याचा हिशेब दीड किलो साखर, म्हणजे सहा हजार कॅलरी. आता पंगतीकडे पाहा. तूप लावलेल्या एका पुरणपोळीत साधारण तीनशे कॅलरी धरा. कोणी आग्रहाला बळी पडून नेहमीच्या भुकेपेक्षा तीन पोळ्या जास्त खाल्ल्या, वर दोन भजी घेतली, तरी जास्तीचा आकडा हजाराच्या आसपास राहतो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी, या हिशेबाने ती पंगत फार तर सव्वाशे-दीडशे ग्रॅमची ठरते. शरीर काही किराणा दुकानाची वही नव्हे आणि असे हिशेब त्यात तंतोतंत उतरत नाहीत. पण चोर घरात असताना आपण वेशीवर पहारा देत आहोत, एवढे तरी त्यातून दिसावे. चहासोबतची खारी, बिस्किटे आणि बसस्टँडवरची कचोरी मी या हिशेबात धरलेलीच नाही.

पंगतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर उभे राहून घाबरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यात मीही होतो. एका रात्रीत दीड किलो वाढलेले दिसते आणि महिन्याभराचे कष्ट वाया गेले असे वाटून माणूस खचतो. वास्तविक त्यातला बहुतेक भाग पाण्याचा असतो. शरीर पिष्टमय अन्नाचा जो साठा करते त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते, आणि पंगतीतल्या भाजी-कढीतले मीठही पाणी धरून ठेवते. दोन-चार दिवस नेहमीचे जेवण केले की काटा जागेवर येतो. धोका त्या दीड किलोत नाही, त्यानंतर मनात येणाऱ्या 'आता मोडलेच आहे, तर मोडू द्या' या विचारात आहे. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांचा १९७५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात वारंवार सांगितला जातो. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजून नंतर हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले, तेव्हा एरवी खाण्यावर बंधन न ठेवणाऱ्या मुलींनी पोट भरलेले असल्याने आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या मुली एरवी मोजून-मापून खात होत्या त्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्ले. नियम एकदा मोडला असे वाटल्यावर तो पाळण्याचे कारणच उरले नाही, असा याचा अर्थ लावला जातो. पंगतीतली बुंदी ज्याच्या लेखी 'मोडणे' असते तो घरी येऊन डब्यातले लाडूही खातो. जिच्यासाठी जागा ठरलेली आहे ती बुंदी खाऊन माणूस घरी येतो, पाणी पितो आणि झोपतो.

खंड पडल्याने सगळे पाण्यात जात नाही, याला आणखी एक आधार आहे. ऑस्ट्रेलियात टास्मानिया विद्यापीठाच्या नुआला बायर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ असलेल्या ५१ पुरुषांवर एक प्रयोग केला. एका गटाने सलग सोळा आठवडे कमी खाल्ले. दुसऱ्याने दोन आठवडे कमी खाणे आणि दोन आठवडे विश्रांती अशा पाळ्यांनी कमी खाण्याचे तेच सोळा आठवडे पुरे केले. सलग गटाचे वजन सरासरी नऊ किलोंनी उतरले, तर थांबत-थांबत जाणाऱ्या गटाचे चौदा किलोंनी. मात्र हे वाचून कोणी पुरणाचे पातेले चुलीवर चढवू नये, कारण त्या विश्रांतीत पंगत नव्हती. वजन स्थिर राहील एवढेच मोजून दिलेले अन्न होते, आणि प्रयोगात स्त्रिया नव्हत्या. माझ्या म्हणण्याला त्यातून मिळतो तो आधार बेताचाच आहे : खंड पडला म्हणून घडी विस्कटतेच असे नाही.

पण माझा मुख्य मुद्दा कॅलरीचा नाही.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका वस्तीत एका वृद्ध गृहस्थाच्या तेरवीला मी गेलो होतो. आवतण चूलबंद होते, म्हणजे त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी तिकडेच जेवायचे. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, पोळ्या आणि बुंदी असा साधा बेत होता. डाएट सुरू करून मला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता आणि नव्या मुसलमानासारखा मी कांदे जास्त खात होतो. माझे दुसरे जेवण सायंकाळी सातला ठरलेले, आणि पंगत बसली दुपारी चारला. मी हात जोडून म्हटले, "मी आता जेवत नाही, फक्त पाणी घेतो." मृताची म्हातारी बायको क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आमच्या घरचं चालत नाही का जी, गुरुजी?"

तिच्या प्रश्नात राग नव्हता. तिने तो मला विचारलाही नसावा, माझ्या आजोबांना विचारला असावा. त्यांच्या पिढीत आमच्या घरचे लोक त्या वस्तीत पाणीसुद्धा घेत नसत, आणि न घेण्याची त्यांची कारणेही मोठ्या सभ्यपणे सांगितली जात : पोट ठीक नाही, आज उपास आहे, आत्ताच जेवून निघालो. माझे कारण खरे होते, पण शब्द तेच होते. ज्या गावात कोण कोणाकडे जेवतो यावरून माणसाची पायरी ठरत आली, तिथे अन्न नाकारणे ही निव्वळ खाजगी आरोग्याची बाब राहत नाही. वाळीत टाकणे म्हणजे काय, तर मुख्यतः आवतण न देणे आणि दिलेले आवतण न घेणे. त्याविरुद्ध महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो २०१७ साली लागू झाला. हा काही पुराणकाळातला विषय नाही. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी जातिभेद मोडण्यासाठी झुणका-भाकरीची सहभोजने घातली, त्यामागे हीच समज होती की भाषणाला टाळी वाजवणारा माणूस पानावर बसेलच असे नाही, आणि पानावर बसला तर त्याने निदान एक ओळ तरी ओलांडली. मी त्या दिवशी पानावर बसलो. चारला जेवलो आणि सातचे जेवण सोडले. नियमाची एवढीशी फिरवाफिरव माझ्या साखरेला चालली. न बसणे मात्र त्या घराला वर्षानुवर्षे आठवले असते.

यावर एक सरळ आक्षेप येतो, आणि तो चांगला आहे. पंगतीत बसावे, पण थोडे खावे. बसण्यासाठी भरपेट खायची गरज काय? आमच्याच जिल्ह्यात याचे उदाहरण आहे. गांधीजींनी १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ न खाण्याचे आणि अंधार पडल्यावर न जेवण्याचे व्रत घेतले. पुढे १९३६ पासून ते सेवाग्रामला राहिले, तिथेही त्यांचे व्रत चालू होते आणि जेवण आश्रमातल्या सगळ्यांसोबत होते. नियम कडक, पण ओळ सोडायची नाही. ज्याला हे जमते त्याने हेच करावे. मधुमेह असलेल्यांसाठी तर हीच वाट शहाणपणाची आहे. अडचण अशी की गांधीजींचे व्रत सगळ्यांना ठाऊक होते आणि आपले कोणालाच ठाऊक नसते. शिवाय खेड्यातल्या पंगतीत थोडे खाणाऱ्याला सुखाने बसू देणारी रीत अजून आलेली नाही. 'घ्या ना जी, एक तरी' असे म्हणत वाढपी पानावर हात आडवा धरलेला असताना बोटांच्या फटीतून बुंदी सोडतो, आणि तो त्याचा मोठेपणा समजला जातो. या आग्रहाला आपण पाहुणचार म्हणत आलो, पण पत्रावळीवर उरलेले अन्न उकिरड्यावर जाते तेव्हा तो कसला पाहुणचार, असा प्रश्न यजमानांनीही स्वतःला विचारायला हवा. डाएट करणाऱ्याने पंगत टाळू नये असे मी म्हणतो, तेव्हा त्याच्या पानावरून हात न काढण्याचा हक्क यजमानाने मानावा, हेही त्यात आलेच.

बायकांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी वेगळा होतो. आमच्या गावातल्या तरुण सुना आता वजनाविषयी बोलतात, मोबाइलवर व्यायाम पाहतात, हे चांगलेच आहे. पण घरात सर्वांत शेवटी आणि उरलेले खाणे ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या आले, त्यांनी 'मी नाही खात' म्हटले की घर ते लगेच मान्य करते. त्यांच्या न खाण्याला आपल्याकडे कधीच आग्रह झाला नाही. आता रोडग्यांचे जेवण पाहा. शेतात किंवा देवळाजवळ गोवऱ्यांचा आर रचायचा, त्यात गव्हाचे रोडगे भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण, आणि हे सगळे बहुधा पुरुष करतात. भंडाऱ्यालाही मोठमोठ्या कढया पुरुषांच्याच हाती असतात आणि मंडळाची पोरे वाढतात. म्हणजे वर्षातून ज्या मोजक्या दिवशी एखाद्या बाईला दुसऱ्याने रांधलेले, गरम, बसल्या जागी वाढलेले अन्न मिळते, ते हे दिवस. तुपात कुस्करलेला रोडगा तिने त्या दिवशी खाऊ नये, असे सांगण्याचा धीर मला तरी होत नाही. तिचे वजन कमी करायचेच असेल तर घरच्या पुरुषांनी आठवड्यातून चार दिवस स्वयंपाकघर सांभाळावे आणि तिला संध्याकाळी पाऊण तास चालायला मोकळे करावे. त्याने बुंदीवरच्या बंदीपेक्षा जास्त साधेल.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि विदर्भात तो टाळून पुढे जाता येत नाही. पंगतींनी माणसे बुडाली आहेत. नापिकीच्या वर्षी सावकाराकडून उचल करून घातलेल्या लग्नाच्या जेवणाचे व्याज कापसाच्या पुढच्या दोन हंगामांनी फेडलेले आम्ही पाहिले आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी म्हणूनच कर्ज काढून सण करू नका असे जन्मभर सांगितले, आणि आपल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता गोड जेवण वाढले. पण भुकेलेल्यांना अन्न हाच त्यांच्या दशसूत्रीतला पहिला संदेश होता. पंगत मोडा असे त्यांनी सांगितले नाही. तिची ऐपत आणि तिच्यातला भेद यांच्यावर त्यांचा खराटा चालला. माझी बाजू पाच पक्वान्नांच्या पंगतीची नाहीच. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला गावोगाव पिठले, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी असा प्रसाद होतो, आणि या ताटात कोणत्याही आहारतज्ज्ञाला फारसे खोडण्यासारखे सापडणार नाही. इतर भंडाऱ्यांतही बुंदीच्या शेजारी भाकरीची एक टोपली ठेवायला ग्रामसभेच्या ठरावाची गरज नाही.

राहिला 'अधूनमधून' या शब्दाचा प्रश्न. वैशाखात ज्या घरी वीस पत्रिका येतात तिथे अधूनमधून म्हणजे एक दिवसाआड होते, आणि मग माझा वरचा सगळा हिशेब कोलमडतो. इथे निवड करावीच लागते, आणि ती पदार्थावरून न करता माणसावरून करावी, असे माझे मत आहे. शेजारची तेरवी, नात्यातले लग्न, गावाचा भंडारा, ज्या घरी आपण पूर्वी कधी जेवलो नाही ते घर : इथे पानावर बसावे. तालुक्याच्या मंगल कार्यालयातला बुफे, जिथे यजमानाला आपण आलो की नाही हे पाकिटावरच्या नावावरूनच कळणार असते, तिथे शुभेच्छा देऊन परतावे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतल्या ओल्या-सुक्या जेवणावळी तर कोणत्याच पथ्यात बसत नाहीत, आणि गंमत अशी की त्या दिवसांत गावातले डाएट आपोआप सुटलेले दिसते.

संध्याकाळी पंगत आहे म्हणून दिवसभर उपाशी राहण्याची एक रीत आहे, तिच्याबद्दल स्पष्ट सांगायला हवे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने असे केले तर पंगत बसण्याआधीच साखर एकदम खाली येऊन तो कोसळू शकतो, आणि आमच्याकडच्या पंगती सांगितल्या वेळेला बसत नाहीत हे सर्वांना माहीत आहे. अशांनी जेवणाची वेळ आणि गोळीची वेळ यांचा मेळ आपल्या डॉक्टरशी आधीच बोलून ठेवावा. निरोगी माणसालाही दिवसभराच्या भुकेनंतर पहिल्या पाच मिनिटांत किती खाल्ले याचे भान राहत नाही. नेहमीप्रमाणे जेवून, नेहमीची भूक घेऊन बसणारा माणूस पंगतीत कमी खातो आणि जास्त बोलतो.

या लगीनसराईत माझ्याकडे आतापर्यंत नऊ पत्रिका आल्या आहेत. तीन ठिकाणी पानावर बसेन, पाच ठिकाणी अक्षता टाकून परतेन आणि घरी भाकरी खाईन. नवव्या पत्रिकेचे अजून ठरलेले नाही. जेवण बुफेचे आहे, पण नवरीच्या बापाचा आणि माझा धुरा, म्हणजे शेताचा बांध, एक आहे, आणि गेल्या पावसाळ्यात त्या धुऱ्यावरून आमचे बोलणे बंद झाले होते.